नक्षी शेवटी पाहा

प्रति,
मा. संपादक

महोदय,

जुन्या वस्तूंच्या संग्रहावरच्या आपल्या पुरवणीतल्या लेखात वाड्यांमधल्या दुनळी बंदुकांचा उल्लेख आला, हे बरं झालं. पण त्यात दोन विधानं अशी आहेत की त्यांवर लिहिणं भाग आहे. ‘नक्षी जितकी दाट, तितकी बंदूक मोलाची’ हे एक, आणि ‘शंभर वर्षं उलटली की परवाना लागत नाही’ हे दुसरं. पहिल्यापायी माणूस पैशाला फसतो. दुसऱ्यापायी पोलिस ठाण्याची पायरी चढतो.

दुसरं आधी घेऊ. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण ती वयावर बेतलेली नाही. कालबाह्य बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं जे शस्त्र दुरुस्त करूनही चालणार नाही, त्यालाच ती लागू होते. ‘दुरुस्त करूनही’ या दोन शब्दांतच सगळी मेख आहे. १८८५ च्या सुमाराची बर्मिंगहॅमची १२ बोरची (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप) दुनळी घ्या. तिच्या बोरची काडतुसं आजही बनतात, आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनतात. घोड्याची (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाची) स्प्रिंग तुटली असली तर चांगला कारागीर नवी घडवून देतो. अशी बंदूक कितीही म्हातारी असो, कायद्याच्या लेखी ती जिवंत आहे. गैरसमज बहुतेक अमेरिकेतून येतो. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरतात. टेक्सासमधल्या भाच्याने फोनवर सांगितलं म्हणून सांगलीतल्या माळ्यावरची दुनळी बिनपरवाना ठेवता येत नाही.

म्हणून मूल्यमापनात पहिली तपासायची वस्तू म्हणजे कागद. परवान्यावरचा क्रमांक, बोर आणि बनावटदाराचं नाव बंदुकीशी जुळतं का, ते पाहावं. इंग्रजी बंदुकीवर क्रमांक सहसा तीन-चार ठिकाणी असतो: नळ्यांच्या मागच्या टोकाखालच्या सपाट भागावर, ॲक्शनवर (नळ्या जिथे बसतात तो मधला लोखंडी सांगाडा), फोरएंडच्या (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडाच्या) लोखंडावर आणि बऱ्याचदा चापाच्या कमानीच्या शेपटीवर. चारही ठिकाणी एकच आकडा असेल तर बंदूक एकसंध आहे. नळ्यांवर एक आणि फोरएंडवर दुसरा असेल तर कधीतरी दोन बंदुकांची एक झाली आहे. आणि कुठे आकडा कानशीने घासलेला दिसला तर विषय तिथेच थांबवावा, कारण ओळखीच्या खुणा खोडणं हाच वेगळा गुन्हा आहे.

कागद जुळले की बंदूक हातात घ्यावी, पण नक्षीकडे धावणारे डोळे आवरून. आधी ती रिकामी आहे का ते पाहायचं. माळ्यावर पन्नास वर्षं पडलेल्या बंदुकीत काडतूस निघणं हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. त्यात सुरुवातीच्या बऱ्याच घोड्यांना उसळी नसे. घोडा पडला की पडलेलाच, आणि त्याच्या दाबाखाली ठोका देणारी पिन काडतुसाच्या टोपीला भिडलेली. अशी दुनळी तशीच उघडायला गेलं तर पिन वाकते किंवा तुटते, आणि आत भरलेलं काडतूस असेल तर काय होईल ते सांगायला नको. नळ्यांचं तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला ठेवावं, बोट चापापासून लांब असावं, दोन्ही घोडे अंगठ्याने एकेक करून अर्ध्या टप्प्यावर आणावेत आणि मगच बंदूक उघडायची खिट्टी फिरवावी. आत कागदी काडतूस फुगून अडकलेलं दिसलं तर पक्कड, सळई, हातोडी यातलं काहीही न वापरता बंदूक परवानाधारक कारागिराकडे सोपवावी.

वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टँटन यांनी १८६७ मध्ये उसळणाऱ्या घोड्यांचं पेटंट घेतलं. ठोका दिला की घोडा आपोआप एक टप्पा मागे येतो, मग पिन मोकळी राहते. घोडा खाली असताना त्याच्या आणि पिनच्या मध्ये फट दिसते का, एवढ्या एका गोष्टीवरून काळाचा पहिला अंदाज बांधता येतो. खिट्टीही बोलते. चापाच्या कमानीखाली वळणारा लांब दांडा हेन्री जोन्स यांच्या १८५९ च्या पेटंटवरचा, मजबूत पण सावकाश चालणारा. वरच्या बाजूला अंगठ्याने ढकलायची खिट्टी स्कॉट यांच्या १८६५ च्या रचनेतून रुळली, तिच्या पोटात बहुधा लंडनचे बंदूककार पर्डी यांचा, नळ्या बंद धरणारा १८६३ चा दुहेरी बोल्ट असतो. मात्र यावरून सालाची खालची मर्यादा कळते, वरची नाही. १८७५ मध्ये अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत लपवणारी रचना आणली, तरी बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका पुढे कित्येक दशकं बनत राहिल्या, कारण गिऱ्हाइकाला बंदूक चढवलेली आहे की नाही हे डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

आता नळ्या. किमतीचा मोठा भाग इथे ठरतो, आणि घरच्या मंडळींचं लक्ष इथे सगळ्यात कमी असतं.

फोरएंड काढून बाजूला ठेवा. ते लावलेलं असताना त्याची स्प्रिंग नळ्यांना ॲक्शनवर दाबून धरते आणि ढिलेपणा लपवते. नुसत्या नळ्या आणि दस्ता जोडून, दोन्ही हातांत धरून हलवलं तर बिजागरीतला खुळखुळाट लगेच हाताला लागतो. मग उजेडासमोर धरून नळ्यांचं मागचं टोक आणि ॲक्शनची उभी भिंत यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ दिसते का ते पाहा. दिसली तर बंदूक झिजली आहे. हे दुरुस्त होतं, पण बिजागरीचा पिन मोठा करून किंवा नळ्यांखालच्या हूकवर धातू चढवून. पत्र्याची चकती घुसवलेली आढळली तर ती विकण्यापुरती केलेली लबाडी समजावी.

पुढचा तपास कानाचा. नळ्या वेगळ्या करून एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर सरकवणारा भाग) काढायचा, खालच्या हूकमध्ये बोट किंवा दोरी अडकवून त्या लोंबत्या धरायच्या आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारायची. देवळातल्या लहान घंटेसारखा लांबणारा नाद आला तर पट्ट्यांचा डाख शाबूत. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर कुठेतरी पट्टी सुटली आहे आणि फटीत पाणी शिरून आतून गंज चालू आहे. दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या कथील-शिशाच्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात. नळ्या काळ्या करण्यासाठी गरम क्षाराच्या उकळत्या द्रावणात बुडवायची जी पद्धत एकनळी रायफलींना चालते, ती दुनळीचा हा डाखच खाऊन टाकते. ‘पुन्हा नव्यासारखी काळीभोर करून देतो’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं की तो कोणत्या पद्धतीने करणार. हळूहळू गंज चढवून, उकळून, घासून, पुन्हा चढवून करायची जुनी पद्धत सोडून दुसरं उत्तर आलं तर बंदूक घेऊन घरी यावं.

नळीच्या आत पाहताना खिडकीची आडवी चौकट समोर धरा. आतल्या भिंतीवर तिची सावली सरळ रेघेसारखी लांबवर जाते. कुठे ती रेघ मोडली तर बाहेरून पोचा. कुठे गोल काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली आहे, बहुधा आत काही अडकलेलं असताना बार काढल्यामुळे. पोचा कारागीर आतून उचलू शकतो. फुगवटा गेला तरी धातू ताणला गेलेला राहतो. खड्डे आणि डमास्कस, म्हणजे पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या नळ्यांवरचे ‘राखाडी डाग’ यांत गल्लत करू नये. खड्ड्याला कडा असते, सावली पडते. राखाडी डाग म्हणजे पट्ट्यांच्या जोडातल्या सूक्ष्म अशुद्धी. त्या नखाला लागत नाहीत.

डमास्कस हा शब्द आपल्याकडे तलवारीच्या जौहराशी जोडतात. बंदुकीच्या नळीचा डमास्कस वेगळा. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून पिळायच्या, त्या पिळलेल्या दोन, तीन किंवा चार पट्ट्या शेजारी ठेवून सळईभोवती गुंडाळायच्या आणि ठोकून जोडायच्या. म्हणून वेलबुट्टी नळीभोवती तिरकी फिरते. बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधलं लिएजजवळचं वेस्द्र नदीचं खोरं ही याची मोठी ठिकाणं. साध्या पोलादी नळीवर अशी बुट्टी नुसती छापलेली किंवा आम्लाने उठवलेलीही मिळते. ती ओळखायला फोरएंडखाली झाकलेला भाग आणि नळ्यांच्या खालचा सपाट भाग पाहावा. खरी बुट्टी तिथेही चालू राहते, छापील तिथे संपते. ‘आतून दिसते का बघू’ म्हणून घरी आम्ल लावून बघणं हा शुद्ध अविचार आहे.

मोजमाप दोन जागी. मागच्या टोकापासून ९ इंचांवर बोर मोजायचा आणि तो नळीखालच्या शिक्क्याशी ताडायचा. १२ बोर म्हणजे ०.७२९ इंच, साधारण साडेअठरा मिलिमीटर. शिक्का १३/१ असेल तर मूळ माप ०.७१९ च्या आसपास हवं. आज ते ०.७२९ भरत असेल तर गंज काढण्यासाठी आतून धातू खरवडला गेला आहे आणि ब्रिटनच्या नियमांनुसार ती बंदूक प्रूफबाहेर (अधिकृत दाबचाचणीच्या हद्दीबाहेर) गेली. दुसरं माप भिंतीच्या जाडीचं. सर्वात पातळ जागी ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही संग्राहक आणि कारागीर दोघांनाही मान्य असलेली खालची रेघ. त्याखाली गेलं की बंदूक भिंतीवरची. व्हर्नियरने हे कळत नाही, कारण तो फक्त तोंडाची जाडी सांगतो. लांब दांड्याचा गेज लागतो.

तोंडाकडेही एक नजर टाका. नळ्या मूळ लांबीच्या असतील तर तोंडाशी दोन्ही एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात. मध्ये बोटभर फट असून ती डाखाने बुजवलेली असेल तर कोणीतरी नळ्या कापल्या आहेत. चोक (तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा) गेला, तोल गेला, किंमतही गेली. (परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा आपल्याकडे गुन्हाही आहे.) मागच्या टोकापासून तीनेक इंचांवर नळीभोवती पुसट गोल सांधा दिसला तर जुन्या बुंध्यात नव्या नळ्या बसवलेल्या आहेत. वापरायला हे चांगलं, संग्रहाला नाही.

आता नळ्यांखालचे शिक्के. हे बंदुकीचं जन्मपत्र, आणि वरच्या नक्षीपेक्षा हजारपट प्रामाणिक. मुकुटाखाली ‘जीपी’ आणि ‘व्ही’ ही लंडनची खूण. आडव्या-तिडव्या राजदंडांवर मुकुट ही बर्मिंगहॅमची १९०४ पर्यंतची, त्यानंतर मुकुटाखाली ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’. ‘नॉट फॉर बॉल’ (गोळीसाठी नाही) अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर मोठं घबाड हाती लागल्यासारखं वाटतं, आणि एका अर्थाने लागलेलं असतंही: हा शिक्का चोकच्या नळ्यांवर १८७५ ते १८८७ याच काळात मारला जाई, म्हणजे बंदुकीचं साल बारा वर्षांच्या आत पकडता येतं. १८८७ नंतर त्याजागी ‘चोक’ आला आणि शंकरपाळीच्या आकारात १२ व ‘सी’ अशी खूण आली. ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द १८९६ पासून भेटतात. मुकुटासह लंबगोलात ‘ईएलजी’ असेल तर बंदूक लिएजची, १८९३ नंतरची. मुकुट नसेल तर त्याआधीची.

‘नायट्रो’चा शिक्का नसणं म्हणजे ती बंदूक काळ्या दारूसाठीच तपासलेली आहे. आजच्या धूरविरहित दारूचं काडतूस तिच्यात घालू नये. दुसरा सापळा लांबीचा. काडतूस बसायची जुनी घरं बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. काडतुसाच्या खोक्यावर लिहिलेली लांबी मात्र बार झाल्यानंतरच्या, तोंड उलगडलेल्या कवचाची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचं भरलेलं काडतूस या घरात अगदी सुखाने बसतं आणि बघणारा ‘बसलं की!’ म्हणतो. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. घराची लांबी आत पोलादी पट्टी सरकवून, ती पायरीला अडेपर्यंत मोजता येते. संग्रहाच्या बंदुकीने बार काढूच नये हे उत्तम. नुसता चाप ओढून घोडे आपटवण्याचीही हौस नको, त्यात पिना तुटतात.

नावाबद्दल थोडक्यात. पट्टीवर नाव आहे म्हणजे त्याच हातांनी ती घडवली असं नाही. मुंबईत १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा निघाली. काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही उभी आहे. तिच्या नावाच्या बंदुका बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेल्या असत. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा या दुकानांच्या नावांनीही असाच माल हिंदुस्थानभर गेला. यात फसवणूक नाही, तो व्यापाराचा रिवाज होता, आणि अशा बंदुका कित्येकदा उत्तम निघतात. फसवणूक वेगळी: प्रसिद्ध नावात एखादं अक्षर फिरवलेलं, किंवा लंडनचं नाव वर आणि ‘ईएलजी’ खाली. पत्ता असेल तर तोही वाचावा. पर्डींचं दुकान १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटवर गेलं. तेव्हा ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता आणि १९०४ नंतरचे शिक्के एकाच नळीवर असतील तर नळ्या नंतर बदलल्या किंवा पुन्हा तपासल्या आहेत, एवढं तरी नक्की.

इतकं झालं की मग नक्षी. सजावट म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. जवाहिऱ्याचं दहापट भिंग घ्या आणि दिवा एका बाजूने, तिरका ठेवा. वरून पडणाऱ्या उजेडात सगळ्याच नक्ष्या सुंदर दिसतात.

हाताने, कोरणीच्या टोकाने कापलेल्या रेषेचा तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा असतो. रेषा बारीक सुरू होते, पोटात जाड होते, पुन्हा बारीक होऊन सुटते, अगदी चांगल्या मोडी अक्षरातल्या वळणासारखी. साच्याने दाबून उठवलेल्या नक्षीत हा चढउतार नसतो, रेषेचा तळ गोलसर असतो आणि डाव्या-उजव्या लॉकप्लेटवर (घोडे बसवलेल्या बाजूच्या पट्ट्यांवर) कोरलेले कुत्रे एकमेकांचे आरशातले भाऊ वाटतात. आम्लाने खाल्लेल्या नक्षीचा तळ खडबडीत, दाणेदार दिसतो. इंग्रजी उत्तम कामाची ओळख म्हणजे लहान, दाट गुंडाळीचे वेल आणि मध्ये फुलांचे गुच्छ. दुरून ते काम जवळजवळ साधं वाटतं. दुरूनच डोळ्यांत भरणारे मोठे पक्षी, हरणं, झाडं यांतलं बरंचसं स्वस्त मालावर असतं, कारण मोठी आकृती थोड्या रेषांत भरून निघते. ‘नक्षी जितकी दाट तितकी मोलाची’ हे म्हणूनच खोटं. किंमत नक्षी किती आहे यावरून नव्हे, कोरणी कशी चालली आहे यावरून ठरते.

आता झीज. कुत्र्याच्या अंगावरची लव, पक्ष्याच्या पिसांतल्या छटा हे सगळं केसाएवढ्या उथळ रेषांनी केलेलं असतं. पॉलिश पेपर फिरला की पहिल्यांदा त्या जातात, वेल मात्र टिकतो. वेल ठसठशीत आणि कुत्रा गुळगुळीत असेल तर पट्टी घासली गेली आहे. लॉकप्लेटच्या कडेने जाणारी बारीक किनार पाहा. कडेपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एका बाजूला ती कडेला चिकटली असेल तर तिथे कानस चालली आहे. स्क्रूची डोकी पाहा. मूळ स्क्रूवर वेल पट्टीवरून डोक्यावर आणि पुन्हा पट्टीवर न तुटता जातो आणि खाचा एकाच दिशेने, सहसा नळ्यांना समांतर थांबतात. वेल मोडला असेल तर स्क्रू बदललेला आहे किंवा नीट आवळलेला नाही. रुंद पेचकसाने फाटलेली खाच असेल तर आत कोण काय करून गेलं याचा अंदाज घ्यावा. घोड्यांची जोडीही अशीच ताडायची. दोघांच्या मानेवरचं कोरीव काम एका हाताचं दिसलं पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा गंजाच्या खड्ड्याशी होते. कोरलेली रेषा खड्ड्यापाशी येऊन तुटत असेल आणि पलीकडे पुन्हा सुरू होत असेल तर नक्षी आधीची, गंज नंतरचा. बंदूक म्हातारी पण खरी. रेषा खड्ड्याच्या तळातूनही तितकीच तीक्ष्ण, चकचकीत जात असेल तर ती गंज चढल्यानंतर कोरली आहे. अशा पुन्हा कोरलेल्या पट्ट्या बाजारात बऱ्याच आहेत. त्यांची आणखी एक खूण रंगात सापडते. लॉकप्लेट आणि ॲक्शन हाडांच्या कोळशात भाजून वरून कडक केलेल्या असतात, त्यातून निळा-तपकिरी-राखी असा ढगाळ रंग येतो आणि पृष्ठभाग असा होतो की कानस घसरते. अशा पट्टीवर पुन्हा कोरायचं तर ती आधी तापवून मऊ करावी लागते आणि तो रंग जातो. मूळ रंग कधीही सगळीकडे सारखा नसतो. हात लागतो तिथे तो उडालेला आणि घोड्यांच्या मागच्या खोबणीत, खिट्टीच्या सावलीत थोडा उरलेला हवा. सगळीकडे एकसारखा, झगमगीत रंग असेल तर तो अलीकडचा. निकेलचा मुलामा असेल तर त्याखाली काय आहे ते मुलामा चढवणाऱ्यालाच माहीत.

खिट्टीवर किंवा पट्टीवर सोन्याने भरलेला १ किंवा २ आकडा दिसला तर ती जोडीतली एक आहे. दुसरी कुठे आहे याचा शोध घेण्यासारखा असतो, कारण जमलेली जोडी दोन सुट्या बंदुकांच्या बेरजेपेक्षा जास्त मोलाची ठरते.

दस्त्याचं काम लवकर संपतं. अक्रोडाचं लाकूड, मनगटापाशी लॉकप्लेटच्या मागच्या टोकापासून निघणारी चीर, तेलाने काळा आणि मऊ पडलेला पुढचा भाग, कोकणातल्या घरांत भुंगेऱ्याची बारीक भोकं. तेल मुरण्याचं कारण बंदूक वर्षानुवर्षं उभी ठेवणं: ॲक्शनमधलं तेल उतरतं आणि लाकूड ते पितं. तेल चढवल्यावर पहिले काही दिवस नळ्यांचं तोंड खाली करून ठेवलं तर हा प्रश्नच येत नाही.

आणि दसरा. आपल्याकडच्या जुन्या दुनळ्यांचं जितकं नुकसान खंडेनवमीच्या आदल्या दिवशी झालं, तितकं पावसाळ्यांनीही केलं नसेल. तांब्या-पितळेबरोबर बंदूकही चिंच आणि रांगोळीने घासायची रीत काही घरांत होती. चिंचेच्या आम्लाने डमास्कसवरचा तपकिरी थर एका घासणीत उतरतो आणि बुट्टी फिकट पडते. रांगोळीची भुकटी नक्षीच्या कडा गोल करते. नंतर लावलेलं ओलं हळदकुंकू रेषांच्या तळाशी बसतं, ओल धरतं आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथेच गंज करत राहतं. पूजा जरूर करावी. हळदकुंकू बंदुकीखालच्या पाटाला वाहावं, दस्त्याला झेंडूचं फूल बांधावं. पुसायला मऊ सुती फडकं आणि बंदुकीच्या तेलाचे दोन-चार थेंब पुरतात. नक्षीत जुना मळ असेल तर बांबूची टोकदार काडी तेलात बुडवून फिरवावी, सुई किंवा ब्लेड नाही. विकायच्या आधी ‘थोडी चमकवून’ आणलेल्या बंदुकीची किंमत त्या चमकेनेच उतरते.

किमतीचा आकडा इथे देत नाही, कारण परदेशी लिलावांचे आकडे इथे लागू पडत नाहीत. इंग्लंडात साध्या प्रांतिक नावाची घोड्याची दुनळी काही शे पौंडांत जाते, लंडनच्या पहिल्या फळीतली, मूळ रंग आणि मूळ पेटी असलेली, काही हजारांत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली आणि खरी मागणी आटली. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका उरल्या. ज्याच्याकडे दोन जागा आहेत तो त्यातली एक शंभर वर्षांच्या दुनळीला का देईल, हा प्रश्न विकणाऱ्याने स्वतःला विचारावा. लंडनला पाठवून विकू म्हणाल, तर शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याखाली ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. तरीही परदेशी बनावटदाराकडून जुन्या नोंदवहीतला उतारा मागवणं फायद्याचं ठरतं. क्रमांकावरून साल, मूळ लांबी, वजन आणि कधीकधी पहिल्या मालकाचं नाव मिळतं, आणि एखाद्या संस्थानिकाचं नाव निघालं तर सगळं गणितच पालटतं.

विकायचं ठरलं तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवल्यावर किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आणि घेणाऱ्याकडे वैध परवाना लागतो. विसार घेताना ही मुदत धरूनच बोलावं. परवानाधारक वारला असेल तर वारसाने बंदूक विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि आपल्या नावे परवान्याचा अर्ज करायचा. जमा करण्यापूर्वी नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा हात द्यावा, शिक्के, क्रमांक आणि दोन्ही लॉकप्लेट यांचे तिरक्या उजेडात फोटो काढावेत. पावतीवर ‘जुनी दुनळी बंदूक, नग १’ एवढंच लिहिलेलं स्वीकारू नये. बोर, क्रमांक, नाव, नळ्यांची लांबी, घोड्यांची आणि दस्त्याची स्थिती लिहून घ्यावी. मालखान्यात बंदुका एकमेकींना टेकून उभ्या असतात, आणि परत घेताना डावा घोडा दुसऱ्याच बंदुकीचा निघाला तर त्या पावतीखेरीज हातात काही नसतं.

आपला,
जुन्या बंदुकांचा एक अभ्यासक
पुणे